सुईसाठी सोडलेली कड

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीच्या घरात खिडकीची चौकट पुसत होते. वणीत हे रोजचंच काम. खाणीतून निघालेले ट्रक दिवसभर घरासमोरून जातात आणि खिडकी कितीही घट्ट लावली तरी काळी भुकटी आत येतेच. मंदावहिनींचा आवाज शांत होता. "ताई, यायनं सकाळी चहा मांगतला, अन् मी कप घेऊन येईपर्यंत..." हातात फडकं तसंच धरून खुर्चीवर बसले. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, सुटला. मग एक मोठा श्वास बाहेर पडला, कितीतरी महिने अडकून राहिलेला, आणि त्यानंतर रडू आलं.

भेटायला येणारी मंडळी नंतर हेच म्हणत होती, "सुटले बिचारे," आणि मला मात्र त्यांचा राग येत होता. बिचारा तो कधीच नव्हता. चिडका होता, हट्टी होता, जेवताना बोलू नका म्हणून सांगणारा आणि स्वतः ताटावर तासभर बडबडणारा होता. शिवाय त्या मंडळींना ठाऊक असलेली सुटका दुखण्यातून होती. मला ज्या सुटकेनं हलकं वाटलं ती वेगळी होती, आणि ती समजावून सांगायची तर आमच्या मायच्या घरावरच्या एका जांभळ्या पट्टीपासून सांगावं लागेल.

माझा मोठा भाऊ गजानन यवतमाळच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचा. आमचं गाव बोरी अरबपासून थोडं आत. घरी कापूस आणि तूर, दोन बैल, स्लॅबचं साधं घर. आता कोणी म्हणतं की तो लहानपणापासून शास्त्रज्ञाच्याच वळणाचा होता. साफ खोटं. लहानपणी तो चिंचा चोरायचा आणि पकडला गेला की माझं नाव सांगायचा. शास्त्र त्याला कॉलेजात भेटलं, एका उन्हाळी सुट्टीत, आणि मग त्यानं ते सोडलं नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो संशोधनाला लागला तेव्हा गावात एवढंच कळलं की गजा उन्हापासून वीज करतो. बाबा लोकांना तेच सांगायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत उठून जायचे.

त्याचं काम पाहायला मी एकदा पुण्याला गेले होते. सोलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेचे निळे-काळे पत्रे येतात. हे तसं नव्हतं. दादा एका खास प्लास्टिकची, म्हणजे पॉलिमरची शाई करायचा. वांग्याच्या सालीसारखा रंग. ती शाई पारदर्शक फिल्मवर अगदी पातळ पसरायची, तिच्या खाली-वर वीज वाहून नेणारे थर द्यायचे, त्यातला एक धातूचा, आणि झाली पट्टी तयार. ऊन पडलं की वीज. गंमत अशी की हे सगळं तो एका काचेच्या बंद पेटीत करायचा. पेटीला लांब रबरी हातमोजे जोडलेले, बाहेरून त्यात हात घालून काम. आत आपली हवा नाही, दमटपणाचा थेंब नाही, नुसता नायट्रोजन. मी पाहत राहिले आणि म्हटलं, "इतक्या लाडात वाढवलेली पोरगी सासरी कशी नांदन रे?" तो इतका हसला की मोज्यांतून हात बाहेर काढायला लागले. "हेच तर मी सरले सांगून राह्यलो, सुली! पेटीत सगळेच जगतात. आमच्या गावच्या श्रावणात जगून दाखवा म्हना." त्याच्या मार्गदर्शक सरांनी त्यावर त्याला काय उत्तर दिलं होतं ते त्यानं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले होते, तुमच्या गावच्या हवेत हे कधीच चालायचं नाही. चिडून नव्हे, सहज म्हणाले होते. पण दादाच्या मनात ते वाक्य घर करून बसलं.

बाबा गेले आणि माय पुण्याला यायला तयार होईना. "वावर कोन पाहीन? बैल कोन पाहीन?" एवढ्या दोन प्रश्नांवर दादा पुणं सोडून यवतमाळला आला. लोकांनी हळहळ व्यक्त केली, हुशार पोरगा वाया गेला म्हणाले. तो मात्र येताना शाई लावलेल्या फिल्मचे तुकडे घेऊन आला होता आणि पुढेही पुण्याचा एक मित्र त्याला ते पाठवत राहिला. ते कापायचे, दोन पारदर्शक फिल्मच्या मध्ये ठेवायचे, कडा गोंदानं बंद करायच्या आणि दर रविवारी गावी जाऊन त्या पट्ट्या मायच्या स्लॅबवर ठोकायच्या, असा त्याचा उद्योग सुरू झाला. स्लॅबवर आधीच शेवया आणि पापड वाळायचे. त्यांच्या शेजारी या जांभळ्या पट्ट्या. गावानं त्याचं नाव प्लास्टिकवाला मास्तर ठेवलं. आमचे हे कोळसा खाणीत नोकरीला, त्यामुळे घरात चिडवाचिडवीला कायमचा विषय मिळाला. "दादा, तुमचं ऊन पावसात भिजलं की संपलं. आमचा कोळसा भिजला तरी जळते," हे म्हणायचे. दादा म्हणायचा, "जावईबापू, तुमचा कोळसा माह्या बहिनीच्या खिडकीत किती जमते ते पाहून या आधी." मग दोघं मिळून माझ्याकडे भज्यांची मागणी करायचे.

पट्ट्या मात्र मरत होत्या. एकही नीट तिसरा पावसाळा पार करत नव्हती. हे मरणं दोन तऱ्हेचं असतं, असं त्यानं मला समजावलं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन मिळून शाईचा रंग उडवतात, पट्टी फिक्कट होत जाते, आणि फिक्कट शाईला ऊन पकडता येत नाही. पाण्याची वाफ वेगळं करते. ती आत शिरून धातूच्या थराला खाते, काळे डाग पडतात, डाग पसरतात, आणि तेवढ्या भागातून वीज येणं बंद होतं. हवा आणि वाफ, दोघीही बहुतेक कडेनंच शिरतात, जिथं चिकटवलेलं असतं तिथून. पण त्याच्या पट्ट्यांवर सगळं एकदमच व्हायचं. चारी कडांनी फिक्कट, चारी कडांनी काळं. आधी कोण आलं आणि किती कोणी खाल्लं, हे काही केल्या उलगडत नव्हतं. मी एकदा वैतागून विचारलं, काचेचे पत्रे आता ज्याच्या त्याच्या विहिरीवर बसलेत, वर्षानुवर्षं टिकतात, मग या नाजूक बाईच्या मागे कशाला लागलास? तो म्हणाला, हे छापता येतं, गुंडाळून पिशवीत नेता येतं, स्वस्त पडेल. मग थोडं थांबून म्हणाला, "ते जाऊ दे. मले ते काहून मरते ते पाह्याचं हाय."

आणि मग तो दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूची पूजा होते. वखर, डवरा, विळा, भाजी चिरायची पावशी, शिलाई मशीन, बाबांची जुनी सायकल. त्या वर्षी दादानं सगळ्यात चांगली बंद केलेली एक पट्टी स्लॅबवर नुकतीच लावली होती आणि तिच्या तारेवर खाली मायच्या खोलीतला छोटा दिवा जोडून दिला होता. दिवसा खोलीत दिवा लागतो, याचं मायला कोण अप्रूप. तिनं हिशेब केला की ही पट्टी घरात काम करते, म्हणजे हिची पूजा झालीच पाहिजे. स्लॅबवर चढून तिनं पाणी शिंपडलं, हळदीकुंकू लावलं. इथपर्यंत ठीक होतं. पण वारा होता आणि झेंडूची माळ उडत होती. तेव्हा मायनं सुई-दोरा घेतला आणि माळ पट्टीच्याच कडेला टाका घालून शिवून टाकली.

रविवारी दादा आला. मीही माहेरी आले होते. स्लॅबवर जाऊन त्यानं पाहिलं. मला वाटलं, आता हा मायला ओरडणार, म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत उभी राहिले. तो खाली बसला, माळ अलगद कापून काढली आणि त्या भोकाकडे नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिला. पुढच्या रविवारी भोकाभोवती तिळाएवढा काळा ठिपका होता. मग ज्वारीच्या दाण्याएवढा. थंडीत तो जेमतेम सरकला आणि कोरड्या उन्हाळ्यात, आपल्याकडे पत्रे तापून वाजतात त्या उन्हाळ्यातही, थबकून राहिला. बाकीची पट्टी जशीच्या तशी. मृग लागला, हवेत ओल आली, आणि ठिपका आठवड्याआठवड्याला वाढू लागला. त्या दिवशी दादानं मला वणीला फोन केला. "सुली, पाय ना, इतके दिवस चारी बाजूनं चोर घुसून राह्यले होते, कोन आधी आला ते समजतच नव्हतं. मायनं एकच दार उघडून देल्लं! हवा तर उन्हाळ्यातही होती नं तिथं? मंग डाग काहून थांबला? हे काम पान्याचं हाय." इतक्या आनंदात तो स्वतःच्या लग्नातही नव्हता. वहिनींनीही हे माझ्यासमोर मान्य केलं आहे.

आपल्या सुईनं पट्टी बिघडली, हे मायला शेवटी माझ्याकडूनच कळलं. त्याच संध्याकाळी तिनं दादाला विचारलं, "मंग आता पूजा नोको करू काय?" तो म्हणाला, "करत जाय ना. तुह्यासाठी जागा सोडतो." आणि त्यानं खरोखरच सोडली. पुढच्या पट्टीला बोटभर कडेऐवजी चांगली चार बोटं रुंद कड ठेवली, दोन्ही फिल्म त्या सगळ्या रुंदीत एकमेकींना चिकटवल्या, गोंदही बदलला. सगळ्यात बाहेरच्या काठावर पेनानं एक रेघ मारली. "माय, सुई या रेघेच्या बाहीर. आत आली तं मी तुह्या हातचं जेवनार नाही." सुईच्या भोकातून पाणी शिरलंच तरी शाईपर्यंत पोचायला त्याला त्या चार बोटांच्या गोंदातून सरकत यावं लागणार होतं. मायनं ती रेघ कधी ओलांडली नाही.

या पट्टीला त्यानं दिवा लावला नाही, मायचा रेडिओ जोडला. बॅटरी मुद्दाम लावली नाही. बॅटरी लावली तर पट्टीचं खरं दुखणं झाकून जाईल, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे ऊन असलं की रेडिओ बोलायचा आणि आभाळ आलं की अर्ध्या वाक्यावर गप्प. पहिल्या पहिल्यांदा माय रेडिओला थापट्या मारायची. मग शिकली. आत बसून तूर निवडताना रेडिओ थांबला की मान वर न करता म्हणायची, "आभाळ आलं." दादाला संध्याकाळच्या फोनवर तिचा एकच अहवाल असायचा, रेडिओ कुठवर बोलला. "आज ढोरं घरी येईपर्यंत बोलला." "आज लवकर मुका झाला, पन आभाळ होतं." पट्टी अशक्त होत गेली तर रेडिओ दिवसेंदिवस लवकर थांबेल, हे ती पक्कं समजली होती. मायलेकरांचं दुसरं बोलणं फारसं नसायचंच. जेवलास काय, हे ती रेडिओनंतर विचारायची.

मग दादाची फुफ्फुसं कडक होत चालली. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते मी लक्षात ठेवलं नाही. आधी जिना सुटला, मग महाविद्यालय, मग रविवारचं गाव. यवतमाळच्या घरात पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्याच्या नळीत पाण्याची बाटली, त्यातून बुडबुडे. पहिल्याच दिवशी त्यानं ती बाटली पाहिली आणि धापा टाकत हसला. "जन्मभर ज्या दोघीले बाहीर ठेवलं, त्याच आता नळी लावून घरात बोलावल्या. हवा अन् पानी!" वहिनींना ते आवडलं नाही. मला आवडलं. मला त्याचं तेवढंच एक सहन होत होतं... बाकी त्याची छाती वरखाली होताना पाहिली की मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि उगाच भांडी लावत बसायचे.

त्या पावसाळ्यात त्याला एकच चिंता होती. हा त्या पट्टीचा तिसरा पावसाळा होता. आधीच्या सगळ्या इथंच संपल्या होत्या. गणपती गेले तरी आभाळ मोकळं होईना. दिवसामागून दिवस मायचा फोन यायचा, "आजही नाही बोलला. आभाळ हाय." आता रेडिओ आभाळामुळे गप्प होता की पट्टी मेली होती, हे कोणाला सांगता येणार? मी म्हटलं, कोणाला तरी मीटर घेऊन पाठवते. तो मान हलवून नाही म्हणाला. "ऊन नसन तं मीटर कायचं मोजन? थांबू." पण थांबायला त्याच्याजवळ फार काही उरलं नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तो दुपारी खिडकीकडे तोंड करून पडायचा. मी देवाला त्याचं आयुष्य मागणं सोडून दिलं होतं. मी ऊन मागत होते.

एका दुपारी फोन वाजला. माय त्या वेळेला कधी फोन करत नसे. वहिनींनी स्पीकर लावला. कोणी बोलेना. मग एका पुरुषाचा आवाज आला, कपाशीवरच्या बोंडअळीसाठी फवारणी कधी करावी ते सांगणारा, अगदी सावकाश. चुकीचा नंबर लागला असं समजून वहिनी फोन बंद करणार, तेवढ्यात दादानं हात वर केला. माय काही न बोलता फोन रेडिओला लावून उभी होती! आम्ही तिघं बोंडअळी ऐकत बसलो, असं कान देऊन कोणी कधी ऐकली नसेल. मग आवाज अर्ध्यातच तुटला. खोलीत फक्त बुडबुडे. आणि पलीकडून मायचा आवाज, "आभाळ आलं." दादा हसला, हसता हसता खोकला, वहिनींनी पाठ चोळली, तरी तो हसतच होता. बऱ्याच वेळानं दम आला तेव्हा म्हणाला, "कशानं टिकली ते मले अजून सांगता येत नाही, सुली. गोंद बदलला होता, कडही रुंद केलती. दोन्ही एकदम बदलाले नव्हतं पाह्यजे..." आणि मग डोळे मिटून, "पन टिकली." त्या दिवशी तो शांत झोपला. दुसऱ्या दिवशी मी वणीला परत आले आणि त्याच्या पुढच्या सकाळी वहिनींचा फोन आला. म्हणून मी म्हणते, मला हलकं वाटलं. त्या वहिनी, ज्यांनी कित्येक महिने सलग झोप घेतली नव्हती, सगळं आटोपल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून दिवसभर झोपल्या. त्यांनाही हलकं वाटलं असणार, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दादाला गावीच नेलं होतं. घरात माणसांची गर्दी, तेव्हा कोणीतरी रेडिओचा कान पिळून तो बंद करून ठेवला आणि मग तो तसाच राहिला. यंदा वर्षभर सण नाही, दसराही नाही. मी मायजवळ राहायला गेले होते, एवढंच. दाराला तोरण नव्हतं, सोनं वाटायचं नव्हतं. सकाळी माय अंगणातले झेंडू तोडून घेऊन आली आणि माझ्यापुढे सुई धरली. "ओवून दे. मले दिसत नाही." मी म्हटलं, माय, यंदा दुखवटा आहे, सण नाही आपल्याला. ती म्हणाली, "सन कोन करून राह्यलं? ते घरात काम करते, त्याची पूजा चुकवून कसं चालन?" तिला आता शिडी चढवत नाही. माळ घेऊन मीच स्लॅबवर गेले, आणि तिनं खाली रेडिओ सुरू केला. कितीतरी दिवसांनी त्या घरात आवाज आला, कोणीतरी बाजारभाव सांगत होतं.

पट्टी बघितली. काठाला थोडी फिक्कट, मध्ये अजून वांग्याच्या रंगाची. दादाची पेनाची रेघ पुसट झालेली, पण होती. रेघेच्या बाहेर मायच्या आधीच्या सुयांची भोकं. त्यांच्याच ओळीत मी सुई टोचली. असं काम मी कधी केलं नव्हतं आणि पट्टी एकच होती. सुई आरपार गेली आणि त्याच क्षणी खाली रेडिओ थांबला.

मी तशीच गोठून उभी राहिले. वाटलं, गेलं, माझ्या हातानं गेलं, त्यानं एवढं जपलेलं. "माय!" मी ओरडले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

खालून, आतल्या खोलीतून, जिथून आकाशाचा तुकडाही दिसत नाही, मायचा आवाज आला, "घाबरू नोको सुले. आभाळ हाय."

मी मान वर केली. एक पांढरा ढग होता, सूर्यावरून हळूहळू सरकत होता. मी सुई तशीच धरून थांबले. पाठीवर ऊन आलं ते आधी जाणवलं, आणि मग खालून कापसाचे भाव पुन्हा सुरू झाले, मधूनच, दारव्ह्याच्या बाजारापासून. मी माळेची गाठ मारली. "झालं काय?" माय विचारत होती, "उतर मंग, चहा ठेवला हाय."